सेबूमधली धंद्याची शाळा

फिलिपाइन्समधल्या सेबू शहरात १९९९ साली स्टीफन आणि बेट गिब्सन या अमेरिकी दांपत्याने ‘अकॅडमी फॉर क्रिएटिंग एंटरप्राइझ’ ही धर्मादाय निवासी शाळा काढली. गिब्सन स्वतः उद्योजक होते. मॉर्मन चर्चच्या धर्मप्रचाराचे काम संपवून घरी परतलेले फिलिपिनो तरुण त्यांचे विद्यार्थी. या मुलामुलींना कष्टाची आणि अनोळखी दारे ठोठावण्याची सवय होती, पण हाताला काम नव्हते.

इथे काही आठवड्यांत छोटा धंदा उभा करण्याचे साधे नियम शिकवले जात. बाजाराला हवे तेच विका, स्वस्तात घ्या, माल पडून राहू देऊ नका, रोजचा हिशेब लिहा. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो घर आणि गल्ला वेगळा ठेवण्याचा नियम. फिलिपाइन्समध्ये गल्लोगल्ली ‘सारी-सारी’ नावाची घरगुती दुकाने असतात. घरातले लोक त्याच फळीवरचे तांदूळ-साबण वापरतात, नातेवाईक उधारीवर नेतात, आणि नवा माल भरायला पैसाच उरत नाही. म्हणून मालकाने स्वतःला ठरावीक पगार घ्यावा आणि नातलगांकडूनही रोख पैसे घ्यावेत, असे शाळा सांगे. जिथे भावाबहिणींचा खर्च उचलणे हे कर्तव्यच, तिथे हे पाळणे फार जड. तरीही पुष्कळ छोटे धंदे भांडवलाच्या तुटवड्याआधी इथेच बुडतात, असे मला वाटते. पुढे संस्थेने हे काम मेक्सिकोतही नेले.