संशोधन आणि संसार

पीएच.डी. ही विद्यापीठातील सर्वांत मोठी परीक्षा होय, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. वस्तुतः तिला परीक्षा म्हणणे फारसे योग्य नाही. परीक्षेतील प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्याला ठाऊक असते. पीएच.डी.च्या प्रबंधात मात्र ज्याचे उत्तर अद्याप कोणापाशी नाही असा प्रश्न उमेदवाराने स्वतःच शोधावयाचा असतो आणि त्याचे उत्तर पुराव्यानिशी मांडावयाचे असते. परीक्षेचा अभ्यास चार-सहा महिन्यांत आटोपतो आणि तेवढे दिवस घरची माणसे सांभाळून घेतात. संशोधनाला वर्षे लागतात. वर्षे म्हटली की त्यांत लग्नकार्ये, बाळंतपणे, आजारपणे, बदल्या आणि वडीलधाऱ्यांची शुश्रूषा ही सारी ओघाने आलीच. म्हणून या पदवीसाठी अर्ज करू इच्छिणाऱ्याने आपल्या विषयाचा विचार जितक्या काळजीने करावयाचा, तितक्याच काळजीने आपल्या घराचाही करावयास हवा. हा विचार प्रवेश मिळाल्यानंतर करू असे पुष्कळांना वाटते. परंतु तोवर त्यातील महत्त्वाचे निर्णय होऊन गेलेले असतात.

एरचची शिक्षिका

विवेचन सोपे व्हावे म्हणून एक उदाहरण घेऊ. उत्तर प्रदेशातील झाशी जिल्ह्यात बेतवा नदीच्या काठी एरच नावाचे लहानसे गाव आहे. आज ते आडबाजूला पडलेले असले तरी त्याचे प्राचीनत्व मोठे आहे. हिरण्यकशिपूची राजधानी येथेच होती आणि होळीचा सण येथूनच सुरू झाला, अशी स्थानिक लोकांची श्रद्धा आहे. गावाच्या परिसरात ब्राह्मी अक्षरे कोरलेल्या विटा आणि प्राचीन नाणी सापडली आहेत. अकबराच्या काळी हे गाव आग्रा सुभ्यातील एका सरकारचे मुख्य ठाणे होते. या गावातील शाळेत इतिहास शिकविणारी एक शिक्षिका आहे, अशी कल्पना करू. तिने एम.ए. केले आहे, घरी पती, दोन मुले आणि वृद्ध सासूबाई आहेत. आपल्या गावाविषयी काही संशोधन करावे असे तिच्या मनात येते. झाशी येथे १९७५ साली बुंदेलखंड विद्यापीठ स्थापन झाले असल्यामुळे आपल्या जिल्ह्याबाहेर न जाता विद्यापीठाकडे अर्ज करणे तिला शक्य आहे. तिने कोठून प्रारंभ करावा?

विषयाची निवड

‘बुंदेलखंडाचा इतिहास’ हा पीएच.डी.चा विषय होऊ शकत नाही. तो एका ग्रंथमालेचा विषय आहे. विषय इतका आटोपशीर असावा की त्याची साधने एका माणसाला तीन-चार वर्षांत स्वतःच्या डोळ्यांनी पाहता यावीत. आपल्या शिक्षिकेपुढे दोन विषय आहेत असे समजू. पहिला विषय एरच परिसरातील प्राचीन लेख व नाणी यांचा. दुसरा, अठराव्या शतकात या टापूत चालणाऱ्या मराठ्यांच्या महसूल-व्यवस्थेचा.

दोन्ही विषय चांगले आहेत. परंतु घराच्या दृष्टीने त्यांत मोठे अंतर आहे. पहिल्या विषयाची बरीचशी साधने जवळपास असण्याचा संभव आहे. त्यासाठी ब्राह्मी लिपी आणि प्राकृत भाषा शिकावी लागेल. परंतु हे शिक्षण काही अंशी घरी बसून, रात्री मुले निजल्यावरही होऊ शकते. दुसऱ्या विषयाची गोष्ट वेगळी आहे. छत्रसालाने आपल्या राज्याचा एक भाग बाजीराव पेशव्यास दिला आणि १७३१ साली छत्रसालाच्या निधनानंतर बुंदेलखंडात मराठ्यांचा अंमल दृढ होत गेला. गोविंदपंत खेर हे तेथील कारभारामुळेच ‘बुंदेले’ म्हणून ओळखले जाऊ लागले. या कारभाराची कागदपत्रे मोडी लिपीत आहेत आणि त्यांचा प्रचंड संग्रह पुण्याच्या पेशवे दप्तरात आहे. तेव्हा हा विषय घेणाऱ्या व्यक्तीला मोडी तर शिकावी लागेलच, शिवाय पुण्यात काही महिने मुक्काम करावा लागेल, आणि तोही एकदा नव्हे तर दोन-तीन वेळा.

याचा अर्थ दुसरा विषय सोडून द्यावा असा नाही. घरी सासूबाईंची प्रकृती ठीक असेल, पती काही महिने मुलांचे सर्व पाहण्यास तयार असतील, शाळेतून रजा मिळत असेल, तर तोच विषय घ्यावा. कदाचित त्यातून अधिक मोलाचे काम होईल. सांगावयाचे एवढेच की विषयाचे शीर्षक लिहिताना आपण आपल्या पुढील काही वर्षांचे वेळापत्रकही लिहीत असतो. साधने कोठे आहेत, ती पाहण्यास किती दिवस लागतील आणि त्या दिवसांत घरी कोण असेल, या तीन प्रश्नांची उत्तरे अर्जापूर्वीच कागदावर उतरवावीत.

मार्गदर्शक आणि नियम

विषयाच्या खालोखाल महत्त्व मार्गदर्शकाचे. विद्वत्ता हा मार्गदर्शकाचा पहिला गुण खराच. परंतु केवळ त्याच्या कीर्तीकडे पाहून निर्णय करू नये. तो लिखाण किती दिवसांत वाचून परत करतो, त्याच्याकडील पूर्वीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षे लागली, नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याशी तो कसा वागतो, याची चौकशी त्या विद्यार्थ्यांकडेच करावी. अशी चौकशी करण्यात अनादर नाही. मार्गदर्शकाकडील जागाही मर्यादित असतात. सध्याच्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी अवधी उरलेल्या अध्यापकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली केलेले विनियम प्रत्येक उमेदवाराने मुळातून वाचावेत. त्यांतील काही तरतुदी संसारी माणसाच्या विशेष उपयोगाच्या आहेत. पदव्युत्तर परीक्षेत सामान्यतः ५५ टक्के गुण हवेत. काही प्रवर्गांना त्यात ५ टक्क्यांची सवलत आहे. प्रवेशासाठी लेखी परीक्षा आणि मुलाखत असते. २०२४ पासून राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे, म्हणजे ‘नेट’चे, गुणही प्रवेशासाठी धरले जाऊ लागले आणि केवळ प्रवेशापुरते पात्र ठरलेल्यांचे हे गुण एकच वर्ष ग्राह्य असतात. अभ्यासक्रमाचा भाग धरून पीएच.डी.ची किमान मुदत तीन वर्षांची आणि कमाल सहा वर्षांची आहे. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना याखेरीज दोन वर्षांची सवलत आहे; मात्र एकूण काळ दहा वर्षांपलीकडे जाता कामा नये. प्रसूती व बालसंगोपनासाठी संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. विवाहामुळे किंवा अन्य कारणाने स्त्री-संशोधक दुसऱ्या गावी गेली तर काही अटींवर तिला आपले संशोधन तेथील विद्यापीठात नेता येते. नोकरी सांभाळून अंशकालीन पीएच.डी. करण्याचीही सोय आहे. त्यासाठी नोकरीच्या ठिकाणचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि त्यात अभ्यासासाठी पुरेसा वेळ देण्याची हमी असावी लागते.

शेवटच्या अटीकडे पुष्कळ जण केवळ एक कागद म्हणून पाहतात. एरचच्या शिक्षिकेने तसे करू नये. आठवड्यातून कोणता दिवस विद्यापीठासाठी मोकळा मिळेल, परीक्षांच्या काळात काय होईल, हे मुख्याध्यापकांशी स्पष्ट बोलून घ्यावे. नियमाने दिलेल्या सवलती मागितल्याखेरीज मिळत नाहीत, आणि त्या आहेत हेच ठाऊक नसेल तर मागणार कोण?

काही थोर उदाहरणे

संशोधन आणि संसार यांचा हा प्रश्न आजचा नाही. आपल्याकडील थोर संशोधकांच्या चरित्रांत तो पदोपदी दिसतो; मात्र पदव्यांच्या यादीत तो वाचकाच्या नजरेतून निसटतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथील प्रबंध लिहून १९१६ साली ते लंडनला पोहोचले; परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना शिक्षण अर्ध्यावर सोडून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठविला, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य मिळाले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. ‘रुपयाचा प्रश्न’ या विषयावरील प्रबंधाबद्दल १९२३ साली त्यांना लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली. कोलंबियाची पीएच.डी. रीतसर हाती आली ती १९२७ साली, प्रबंध छापून सादर केल्यानंतर. या वर्षांत रमाबाईंनी मुंबईत अत्यंत हलाखीत संसार चालविला. पदवीपत्रावर त्यांचे नाव नाही; परंतु त्या पदवीच्या किमतीचा मोठा भाग त्यांनी फेडला, हे विसरता येणार नाही.

इरावती कर्वे यांचे उदाहरण दुसऱ्या बाजूचे आहे. मुंबई विद्यापीठात डॉ. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली एम.ए. झाल्यावर १९२८ साली त्या पतीला मागे ठेवून बर्लिनला गेल्या. सून परदेशी जाणार ही गोष्ट त्यांचे श्वशुर महर्षी धोंडो केशव कर्वे यांनाही प्रथम रुचली नव्हती. ज्यांनी स्त्रियांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले त्यांना असे वाटावे, यावरून प्रश्न केवळ सुधारक आणि सनातनी यांच्यातील नव्हता हे दिसते. पती दिनकर कर्वे ठामपणे पाठीशी राहिले. मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानता हा इरावतीबाईंचा विषय होता. या असमानतेचा वंशभेदाशी संबंध असावा असे त्यांच्या मार्गदर्शकाचे, ऑयगेन फिशर यांचे, गृहीत होते. इरावतीबाईंच्या मोजमापांतून त्याला आधार मिळाला नाही आणि तसे त्यांनी प्रबंधात लिहिले. १९३० साली त्यांना पदवी मिळाली.

कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, यांना अर्जाच्या पायरीवरच अडविले गेले. १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत स्त्री असल्याच्या कारणाने सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. त्यांनी माघार घेतली नाही. अखेर एक वर्ष काम पाहून मग ठरवू, अशा अटींवर त्यांना घेण्यात आले. पुढे केंब्रिजमध्ये वनस्पतींतील सायटोक्रोम सी या द्रव्यावर संशोधन करून १९३९ साली त्यांनी पीएच.डी. मिळविली. त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पृष्ठांचा होता. प्रबंध जाडजूड असावा असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

त्यांच्याच भगिनी दुर्गा भागवत यांनीही पीएच.डी.साठी संशोधन सुरू केले होते. मध्य प्रांतातील आदिवासी भागात फिरत असताना त्यांना विषबाधा झाली आणि कित्येक वर्षे त्या अंथरुणाला खिळल्या. पदवी राहून गेली, अभ्यास मात्र राहिला नाही. लोकसाहित्यावरील त्यांचे लेखन आजही आधारभूत मानले जाते. ज्यांचा प्रबंध परिस्थितीमुळे अपुरा राहतो त्यांनी स्वतःला अपयशी समजण्याचे कारण नाही, हे या उदाहरणावरून कळावे.

वेळेची वाटणी

आता रोजच्या व्यवहाराकडे वळू. संशोधनातील कामे दोन प्रकारची असतात. ग्रंथसूची करणे, नोंदी उतरवणे, लेखांच्या नकला पडताळणे ही कामे तुकड्यातुकड्यांनी होतात. स्वयंपाक चुलीवर असतानाही अर्धा तास त्यांना देता येतो. विचार करून प्रकरण लिहिणे हे काम तसे होत नाही. त्याला सलग तीन-चार तास लागतात आणि ते तास घरात सर्वांना ठाऊक असावे लागतात. आठवड्यातून असे दोन प्रसंग मिळाले तरी वर्षभरात शंभर होतात. ‘वेळ मिळेल तेव्हा लिहू’ असे म्हणणाऱ्याचे नोंदींचे गठ्ठे वाढत राहतात आणि पहिले प्रकरण तसेच राहते.

घरच्या माणसांना काम समजावून सांगणे हाही संशोधनाचाच भाग समजावा. आई दाराआड बसून काय करते हे मुलांना कळले नाही तर ते दार त्यांना परके वाटू लागते. एरचच्या शिक्षिकेला तर हे सोपे आहे. एखाद्या रविवारी मुलांना जुन्या टेकाडावर नेऊन विटेवरील अक्षर दाखविले, सासूबाईंकडून गावातील होळीच्या जुन्या चालीरीती विचारून त्या वहीत उतरवल्या, तर घर त्या कामाचे साक्षीदार होते.

आजारपणे आणि अडचणी येणारच. त्या आल्या म्हणजे मार्गदर्शकाला टाळण्याकडे विद्यार्थ्याचा कल होतो. लिखाण झालेले नसते म्हणून भेट पुढे ढकलली जाते आणि दोन महिन्यांची खंड पडता पडता दोन वर्षांची होते. अशा वेळी कोऱ्या हातांनी का होईना, भेटावे, अडचण सांगावी, रजेचा अर्ज वेळेवर करावा. आर्थिक बाजूही आधी पाहावी. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली आहे. परंतु ती पूर्ण वेळ संशोधन करणाऱ्या निवडक उमेदवारांनाच मिळते. अंशकालीन संशोधकाला प्रवास, छायाप्रती व टंकलेखन यांचा खर्च पगारातूनच करावा लागतो. तो घराच्या जमाखर्चात पहिल्या वर्षापासूनच वेगळा धरावा.

एवढा खटाटोप एरचसारख्या गावातील शिक्षिकेने का करावा, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर त्या विटांजवळच आहे. त्या विटांची, तेथील बोलीची आणि चालीरीतींची ओळख जिला जन्मापासून आहे, अशी व्यक्ती जे पाहू शकते ते दुरून आलेल्या विद्वानाच्या दृष्टीस सहसा पडत नाही. घर सांभाळता सांभाळता अशी व्यक्ती संशोधनातून बाहेर पडली तर तिची पदवी जाते, आणि त्या गावाविषयीचे जे ज्ञान केवळ तिच्याकडूनच मिळाले असते त्याला आपण सर्व मुकतो.