विजेच्या मोटारीचा घसारा

घसारा हा शब्द घासण्यावरून आला आहे, हे लेथवर उभ्या राहणाऱ्या कामगाराला कोणी समजावून सांगायला नको. बेअरिंग घासते, पट्टा घासतो, माणसाचे गुडघेही घासतात. परंतु हाच शब्द हिशेबाच्या वहीत शिरला म्हणजे त्याचे रूप पालटते. तेथे काहीच घासत नसते. कागदावरचा एक आकडा दरसाल लहान होत असतो. तो किती लहान व्हावा हे कोण ठरवतो, आणि त्या लहान होण्याचा भार शेवटी कोणाच्या खांद्यावर येतो, एवढाच प्रश्न मी आपल्यापुढे मांडणार आहे. उदाहरणादाखल महागडी विजेची मोटार घेतली आहे. ती विकत घेण्याचा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांवर येणार नाही. परंतु अशी मोटार आपल्या शेजारी चाकणला जुळवली जाते, आणि तिच्या घसाऱ्याचा धागा आपल्या बोनसपर्यंत व आपल्या मुलांच्या कर्जापर्यंत येऊन पोहोचतो. म्हणून तिचा हिशेब आपल्याला आला पाहिजे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. मर्सिडीज-बेंझ कंपनीने सप्टेंबर २०२२ च्या अखेरीस चाकणला जुळणी केलेली ईक्यूएस ५८० ही विजेची मोटार बाजारात आणली. तिची शोरूममधली किंमत १ कोटी ५५ लाख रुपये होती. हिशेब सोपा व्हावा म्हणून आपण दीड कोटीची एक मोटार कल्पू, आणि ती एखाद्या कंपनीने आपल्या संचालकासाठी घेतली असे धरू. तीन वर्षांनंतर तिची किंमत किती? ह्या प्रश्नाला उत्तर एक नाही. जितक्या वह्या, तितकी उत्तरे.

पहिली वही विम्याची. मोटार विम्याच्या कोष्टकात सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के घट धरतात. म्हणजे तिसऱ्या वर्षात आपली मोटार ह्या वहीत १ कोटी ५ लाखांची असते. ती डिझेलवर चालो वा विजेवर, कोष्टक एकच.

दुसरी वही आयकराची. १९६१ च्या आयकर कायद्याखालच्या नियमांनी साध्या मोटारीला दरसाल १५ टक्के घसारा ठरवून दिला, तर विजेच्या वाहनाला ४० टक्के. हा दर उरलेल्या किमतीवर लागतो. दीड कोटीतून पहिल्या वर्षी ६० लाख गेले, ९० लाख राहिले. दुसऱ्या वर्षी ३६ लाख गेले, ५४ लाख राहिले. तिसऱ्या वर्षाअखेर उरले ३२ लाख ४० हजार. तीच मोटार डिझेलची असती, तर तिसऱ्या वर्षाअखेर ह्या वहीत सुमारे ९२ लाख दिसले असते. दोन्ही मोटारींची चाके सारखीच फिरली, रंग सारखाच उडाला. तरी कागदावर साठ लाखांचे अंतर पडले. विजेच्या वाहनांना उत्तेजन मिळावे म्हणून सरकारने हा दर वाढवून ठेवला. त्यात गैर काही नाही. परंतु हा घसारा निसर्गाने केलेला नाही, नियमाने केलेला आहे, हे ध्यानात ठेवू या.

तिसरी वही बाजाराची, आणि ती सर्वांत निष्ठुर. अमेरिकेतील आयसीकार्स ह्या संस्थेच्या २०२५ च्या पाहणीत असे दिसले की, पाच वर्षांत सर्वसाधारण मोटार आपली ४५.६ टक्के किंमत गमावते, तर विजेची मोटार ५८.८ टक्के. सर्वांत मोठी घसरण जॅग्वार आय-पेस ह्या मोटारीची, सुमारे ७२ टक्के. जॅग्वार कंपनी २००८ साली टाटा मोटर्सने घेतली, आणि हीच आय-पेस मार्च २०२१ मध्ये भारतात सुमारे १ कोटी ६ लाखांना आली होती. अमेरिकेतच हर्ट्‌झ ह्या भाड्याने मोटारी देणाऱ्या कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये आपल्या जवळजवळ २०,००० विजेच्या मोटारी विकायला काढल्या, आणि त्यांच्या घसाऱ्यापोटी २४.५ कोटी डॉलर तोट्यात दाखवले. अमेरिकेचा बाजार आपला नव्हे, हे खरे. पण वारा कोणत्या दिशेने वाहतो ते कळायला तो पुरेसा आहे.

आता कोणी म्हणेल, बॅटरी खराब होते, म्हणून किंमत पडते. हे अर्धेच उत्तर आहे. ईक्यूएसच्या बॅटरीत १०७.८ युनिट वीज मावते; युनिट म्हणजे आपल्या घरच्या मीटरवरचेच. कंपन्या साधारणतः आठ वर्षांची हमी देतात आणि तोवर ७० टक्के क्षमता उरेल असे सांगतात. समजा, तितकी झीज खरोखरच झाली. तरी ७५ युनिट उरली. भारतीय चाचणीत ह्या मोटारीचा पल्ला ८५७ किलोमीटर भरला होता. त्याचे सत्तर टक्के म्हणजे सहाशे. रस्त्यावर त्याहून बरेच कमी मिळाले, तरी मोटार निकामी होत नाही. तेव्हा केवळ झिजेने एवढी घसरण समजत नाही.

खरे कारण उमजण्यासाठी आपल्याच आकुर्डीची आठवण काढू. १९७२ साली आलेल्या बजाज चेतक स्कूटरसाठी त्या काळी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. ज्याच्या हाती स्कूटर पडे, तो ती वापरून विकायला निघाला तर शोरूमच्या किमतीपेक्षाही जास्त पैसे मिळत. लोखंड तेच, टायर घासलेले, आणि किंमत चढलेली! म्हणजे जुन्या वस्तूची किंमत तिच्या अंगात नसते. ती दोन गोष्टींवर ठरते: नवी वस्तू किती सहज आणि केवढ्याला मिळते, आणि जुनीच्या पुढच्या आयुष्यावर घेणाऱ्याचा विश्वास किती.

ह्या दोन्ही कसोट्या महागड्या विजेच्या मोटारीला लावून पाहा. नवीची किंमत उतरते आहे. २०१० च्या सुमारास बॅटरीच्या एका युनिटाला हजार डॉलरांहून अधिक खर्च येई. २०२४ मध्ये तो सरासरी ११५ डॉलरांवर आला. चाकणमधूनच सप्टेंबर २०२४ मध्ये ईक्यूएसची उंच, अधिक जागेची आवृत्ती १ कोटी ४१ लाखांना आली. दोन वर्षांपूर्वी १ कोटी ५५ लाख मोजणाऱ्याने आपली मोटार आता केवढ्याला विकायची? शिवाय नव्या विजेच्या मोटारीवर जीएसटी ५ टक्के आहे, आणि महाराष्ट्राने मोटार वाहन करही माफ केला आहे. तीस लाखांवरच्या विजेच्या मोटारींवर ६ टक्के कर बसवण्याचा प्रस्ताव मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात होता, पण त्याच महिन्यात तो मागे घेण्यात आला. नवीला मिळालेली प्रत्येक सवलत जुनीची किंमत तितकीच खाली ओढते.

दुसरी कसोटी विश्वासाची. डिझेलचे इंजिन जुना मेस्त्री कान लावून ओळखतो. बॅटरीला कान लावून काही कळत नाही. ती रोज शंभर टक्के भरून ठेवली की जपून भरली, उन्हातान्हात किती तापली, वेगवान चार्जिंग किती वेळा केले, हे तिच्या आतल्या नोंदवहीत असते, आणि त्या नोंदवहीची किल्ली कंपनीकडे असते. ज्याला वस्तूचे अंतरंग दिसत नाही तो वाईटात वाईट गृहीत धरूनच बोली लावतो. बॅटरी उत्तम असलेली मोटारही मग त्याच पडेल भावाने जाते. ह्याला मी अज्ञानाचा घसारा म्हणतो. आणि तोच सर्वांत टाळता येण्याजोगा आहे.

आता हा भार कोणावर पडतो ते पाहू. मोटार घेणाऱ्या कंपनीने पहिल्याच वर्षी ६० लाख नफ्यातून वजा केले. हे ६० लाख तिच्या तिजोरीतून त्या वर्षी बाहेर गेलेले नसतात. ती कागदावरची वजाबाकी आहे. पण १९६५ च्या बोनस कायद्याने बोनससाठी शिल्लक काढताना आयकराच्या दराने होणारा घसारा आधी वजा करायला मुभा दिली, आणि २०१९ च्या वेतन संहितेतही हीच रचना आहे. डिझेलच्या मोटारीवर ही वजाबाकी साडेबावीस लाखांची झाली असती. म्हणजे विजेच्या मोटारीमुळे पहिल्या वर्षी साडेसदतीस लाख अधिक वजा झाले. कर कमी बसल्याने त्यातले काही परत येतात, आणि किमान ८.३३ टक्के बोनस तर द्यावाच लागतो. पण त्याच्या वरचा, २० टक्क्यांपर्यंतचा जो बोनस शिल्लक पाहून ठरतो, तो ह्या वजाबाकीने आकसतो.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, ही वजाबाकी पुढे घटत जाते. चौथ्या वर्षी ती डिझेलच्या मोटारीपेक्षाही कमी भरते. तेव्हा येथे कोणी चोरी केली असे नव्हे. प्रश्न कालक्रमाचा आहे. परंतु पहिली दोन वर्षे राबून निघून गेलेल्या कंत्राटी कामगाराला ते चौथे वर्ष दिसत नाही. म्हणून वाटाघाटीला बसणाऱ्या प्रतिनिधीने नफ्याच्या आकड्याआधी घसाऱ्याचे परिशिष्ट उघडावे, असे मी आग्रहाने सांगतो.

श्रीमंताला पडत्या भावापासून वाचवणारी आयकराची वही असते. आपल्या मुलाला ती नसते. समजा, त्याने चार लाखांची विजेची तीनचाकी मालगाडी घेतली. ३ लाख ६० हजार कर्ज, १२ टक्के व्याज, पाच वर्षांची मुदत. हप्ता सुमारे ८,००८ रुपये. दोन वर्षे नेमाने हप्ते भरूनही २ लाख ४१ हजार देणे उरते. त्या वेळी बाजारात गाडीला निम्मीच किंमत, दोन लाख, आली तर? गाडी विकूनही तो ४१ हजारांचा देणेकरी राहतो. संचालकाच्या मोटारीला जी दोन कारणे लागू पडली, तीच येथे लागू पडतात. फरक एवढाच की, येथे घसारा पोटातून जातो.

उपाय आहेत, आणि ते आपल्या डोळ्यांसमोर आहेत. महिंद्र कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये चाकणला तयार होणाऱ्या आपल्या विजेच्या मोटारी जाहीर केल्या, तेव्हा बॅटरीला पहिल्या मालकासाठी आजीवन हमी दिली, आणि दुसऱ्या मालकासाठीही पहिल्या विक्रीपासून १० वर्षे वा २ लाख किलोमीटर. हमी मालकाबरोबर संपली नाही, वस्तूबरोबर चालली, तर विश्वास टिकतो. युरोपीय संघाने १८ फेब्रुवारी २०२७ पासून विजेच्या मोटारीच्या बॅटरीला तिच्या नोंदींचे पारपत्र सक्तीचे करण्याचे ठरवले आहे. आपल्याकडेही प्रत्येक विक्रीच्या वेळी बॅटरीच्या प्रकृतीचा दाखला, दुचाकीपासून दीड कोटीच्या मोटारीपर्यंत, कायद्याने मिळाला पाहिजे.

तोवर मित्रहो, जुने विजेचे वाहन घेताना तीन प्रश्न विचारल्याशिवाय विसार देऊ नका. बॅटरीत आज किती क्षमता उरली आहे आणि ते कोणी मोजले? हमी माझ्या नावावर लेखी होते काय? आणि हेच वाहन आज नवे केवढ्याला मिळते? आपल्या पतपेढ्यांनीही हेच तीन प्रश्न विचारून मगच कर्ज मंजूर करावे. वस्तू झिजणारच, ते कोणाच्या हातात नाही. परंतु झीज मोजण्याची फूटपट्टी मात्र माणसाच्या हातची आहे, आणि ती ज्याला वाचता येत नाही, त्याच्याच माथी दुसऱ्याचाही घसारा मारला जातो.