लुनाचा दिवा आणि उजवा हात

नगरहून दौंडच्या रस्त्याला लागलं की कायनेटिक चौक येतो. ज्या कंपनीवरून चौकाला हे नाव पडलं, त्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली लुना बाजारात आणली. कंपनी उभारली नगरच्या फिरोदिया घराण्यातल्या हस्तीमल फिरोदियांनी. इटलीच्या पियाजिओच्या ‘चाओ’वर बेतलेली ही ५० सीसीची मोपेड. पेडल मारून सुरू करायची आणि पेट्रोल संपलं तर तेच पेडल मारत घर गाठायचं. सायकलवाल्याला परवडेल अशी गाडी करायची, तर जे जे काढता येईल ते काढावं लागणार. सुरुवातीच्या लुनात गिअर नव्हते, बॅटरी नव्हती आणि इंडिकेटरही नव्हते.

बॅटरी नाही, मग दिवा कशावर? इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चाकात चुंबकं, आतल्या स्थिर प्लेटवर तांब्याच्या कॉइल. एक कॉइल प्लगला ठिणगी पुरवते, दुसरी दिव्याला वीज. हाच मॅग्नेटो. इंजिन जितकं पळेल तितका उजेड. ॲक्सिलरेटर पिळला की रस्ता दिसतो, सोडला की दिवा मिणमिणतो. वेग फार वाढला तर बल्बच उडतो. मागचा बल्ब गेला, तर त्याच्या वाटची वीजही पुढच्यावर येते आणि थोड्या वेळात तोही जातो. मॅग्नेटोवर थेट चालणाऱ्या हॉर्नचीही तीच गत: इंजिन मंदावलं की त्याचा आवाज बसतो.

इंडिकेटर नसले की हात दाखवायचा. २०१७ पर्यंत लागू असलेल्या १९८९ च्या रस्ता नियमांनुसार उजवीकडे वळताना उजवा हात आडवा, तळवा पुढे. डावीकडे वळतानाही उजवाच हात, पण घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा. हा नियम उजव्या बाजूला बसणाऱ्या मोटारचालकाला सोयीचा होता. लुनाचा ॲक्सिलरेटर मात्र उजव्याच मुठीत. मूठ सुटली की इंजिन मंदावतं, आणि अंधारात वळताना नेमका त्याच क्षणी दिवाही मंदावतो. पुढचा ब्रेकही त्याच हाताशी, म्हणजे तोही गेला. मागच्याला कळवायचं तर स्वतःला दिसणं कमी करावं लागे.

जुन्या स्पोर्ट्स कारच्या प्रतिकृती हौसेने बांधणारेही इशाऱ्यासाठी हात सोडण्याच्या याच गाठीशी येऊन अडतात. १९५७ च्या लोटस सेव्हन या स्पोर्ट्स कारच्या घराण्यातल्या कॅटरहॅम गाडीत इंडिकेटरचं बटण डॅशबोर्डवर असतं. वळताना एक हात स्टिअरिंगवरून काढावा लागतो. म्हणून अनेक जण मोठ्या कंपनीच्या गाडीचा स्टिअरिंगखालचा दांडा आणून बसवतात. इंडिकेटर, डिपर, हॉर्न सगळं बोटाच्या टप्प्यात येतं, मग प्रतिकृती मूळ गाडीपासून थोडी दुरावली तरी चालते.

दुचाकीवर इंडिकेटरचं काम डाव्या अंगठ्याकडे आलं. १९८४ मध्ये कायनेटिक आणि होंडा एकत्र आल्या. त्यातून निघालेली बिनगिअरची कायनेटिक होंडा बटणावर सुरू व्हायची. बटणस्टार्ट म्हणजे बॅटरी आली. बॅटरी आली म्हणजे इंजिन मंदावलं तरी इंडिकेटर नीट लुकलुकणार.

फेब्रुवारी २०२४ मध्ये कायनेटिक ग्रीनने ई-लुना आणली, तेव्हा इंजिनच गेलं. आता मूठ सोडली तरी दिवा तसाच. लुनाच्या स्वस्ताईची खरी किंमत पेट्रोलच्या हिशेबात कधी दिसली नाही. ती चालवणाऱ्याने दर रात्री वळणावर मोजली.