छातीच्या फोटोतला डाग

माझ्या परिचयाच्या एका प्राथमिक शिक्षिकेने खोकला रेंगाळला म्हणून छातीचा एक्स-रे काढून घेतला. अहवालात एक ओळ होती : उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात छाया. संध्याकाळपर्यंत घरात त्या ओळीचा अर्थ ‘टीबी’ असा लागला होता. दुसऱ्या दिवशी बाईंचे ताट-पेला वेगळा झाला आणि त्या आठवड्यात तीन पालकांनी मुलांना शाळेत पाठवले नाही. (क्षयाचे जंतू ताटावाटीतून नव्हे, हवेतून पसरतात. म्हणजे टीबी असता तरी पेला वेगळा करून काही साधले नसते.) त्या छायेने नेमके सांगितले होते तरी काय?

विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरण शोधले, तेव्हापासून आपण ‘फोटो काढला’ असे म्हणत आलो आहोत. पण हा फोटो नव्हे, ती सावली आहे. एका बाजूने किरण सोडायचे आणि दुसऱ्या बाजूला किती पोचले ते नोंदवायचे. जिथे किरण भरपूर पोचले तिथे काळे, जिथे अडले तिथे पांढरे. म्हणून आपण ज्याला डाग म्हणतो तो बहुधा पांढरा असतो!

किरण किती अडतात हे पदार्थाची जाडी, घनता आणि त्यातील अणूंचा अणुक्रमांक यांवर ठरते. हाडातील कॅल्शियमचा अणुक्रमांक २०, मांस आणि पाण्यातील ऑक्सिजनचा ८; म्हणून हाड उठून दिसते. साध्या एक्स-रेत मोजून पाच छटा ओळखता येतात : हवा, चरबी, पाणी, हाड आणि धातू. आता खरी अडचण येते. रक्त, पू, हृदयाचा स्नायू, फुप्फुसाभोवती साचलेले पाणी, कर्करोगाची गाठ हे सारे ‘पाणी’ या एकाच छटेत मोडतात. फुप्फुसात एरवी हवा असते, म्हणून ते काळे दिसते. तिथे पांढरी छाया दिसली तर तिचा अर्थ एवढाच, की हवेची जागा दुसऱ्या कशाने तरी घेतली आहे. कशाने, ते रंग सांगत नाही.

मग तज्ज्ञ सांगतात ते कशावरून? आकारावरून, जागेवरून आणि कडांवरून. फुप्फुसाच्या आवरणात पाणी झाले तर उभ्या माणसात ते तळाशी जाते, आणि बरगड्या व श्वासपटल यांच्यामधला टोकदार कोन बुजतो. न्यूमोनियात फुप्फुसाचा एखादा खंड पांढरा होतो, पण त्यातल्या श्वासनलिकांत हवा शिल्लक असल्याने पांढऱ्यात काळ्या फांद्या दिसतात. क्षय प्रौढांमध्ये बहुधा वरचा भाग पकडतो.

कडांची गोष्ट मला सर्वांत आवडते. हृदयाची कड आपल्याला दिसते ती शेजारी हवा आहे म्हणून. हृदयाला चिकटलेल्या फुप्फुसात पू भरला तर दोन्हीकडे ‘पाणी’ होते आणि कड पुसली जाते. उजव्या फुप्फुसाचा मधला खंड हृदयाला लागून आहे, खालचा खंड त्याच्या मागे आहे. म्हणून हृदयाची उजवी कड पुसली गेली तर विकार मधल्या खंडात. तळाशी छाया असूनही कड शाबूत असेल तर तो बहुधा मागे, खालच्या खंडात. सपाट चित्रातून खोली वाचण्याची ही युक्ती फेल्सन बंधूंनी १९५० मध्ये नावारूपाला आणली. वर्गात बोरोसिलिकेट काचेची कांडी ग्लिसरीनमध्ये बुडवून दाखवा. ती जवळजवळ नाहीशी होते. तिथले कारण अपवर्तनाचे आहे, पण तर्क तोच : फरक नसेल तर कड नाही.

सावली म्हटली की सावलीचे खोडसाळपणही आले. टॉर्चसमोर हात धरा आणि भिंतीपासून दूर न्या. सावली मोठी होते. हृदय छातीत पुढच्या बाजूला असते, म्हणून एक्स-रे काढताना छाती पडद्याला टेकवतात आणि किरण पाठीकडून सोडतात. अंथरुणाला खिळलेल्या रोग्याचा एक्स-रे उलट बाजूने काढावा लागतो, आणि निरोगी हृदयही ‘वाढलेले’ दिसते. श्वास पुरता भरून घेतला नाही तरी तसेच. खांद्यावर आलेली जाड वेणी फुप्फुसाच्या टोकावर छाया पाडते, स्तनाग्र गाठीसारखे दिसू शकते, गळ्यातल्या ताईताबद्दल तर बोलायलाच नको.

वाचणारा डोळाही माणसाचाच. अमेरिकेत १९४० च्या दशकात क्षयासाठी काढलेले एक्स-रे तज्ज्ञांना दोनदा वाचायला दिले, तेव्हा त्यांची मते एकमेकांशी तर जुळली नाहीतच, काही वेळा स्वतःच्या पहिल्या मताशीही जुळली नाहीत.

याचा अर्थ एक्स-रे निरुपयोगी, असा कोणी काढू नये. भारतात २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या क्षयरोग पाहणीत सापडलेल्या रुग्णांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक रुग्ण एक्स-रे नसता तर हातचे निसटले असते. सांगण्याजोगी लक्षणेच त्यांना नव्हती. संशय घेण्यात एक्स-रे पटाईत आहे. संशय खरा की खोटा, हे थुंकीतले जंतू किंवा त्यांचा डीएनए शोधून ठरवायचे. गाठीची शंका असेल तर सीटी स्कॅन, आणि प्रसंगी तुकडा काढून तपासणी.

बाईंच्या डॉक्टरांनी दोन गोष्टी मागितल्या : थुंकीची तपासणी आणि जुना एक्स-रे असल्यास तो. दुसरी मागणी घरच्यांना विचित्र वाटली. पण एकटी छाया मुकी असते. दोन तारखांच्या छाया शेजारी ठेवल्या की बोलू लागतात. पसरणारा न्यूमोनिया काही दिवसांत बदलतो, गाठ महिन्यांत वाढते, जुना व्रण वर्षानुवर्षे तसाच राहतो. बऱ्याच शोधानंतर लोखंडी कपाटाच्या तळाशी अकरा वर्षांपूर्वीची फिल्म निघाली. तीच जागा, तोच आकार, आणि मध्ये कॅल्शियमचे पांढरेशुभ्र ठिपके. कधीतरी, बहुधा नकळत, होऊन बरा झालेला क्षय. थुंकीत जंतू सापडले नाहीत. जुना व्रण पुन्हा जागा होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी तीन महिन्यांनी आणखी एक एक्स-रे काढायला सांगितले. त्यातही फरक नव्हता. खोकला तोवर थांबलाही होता.

पेला घरात परत आला तो त्याच संध्याकाळी. तीन पालकांपैकी दोघांनी मुले पाठवली. तिसऱ्यांनी दोन्ही फिल्म स्वतः पाहायला मागितल्या, आणि बाईंनी त्या वर्गाच्या खिडकीला लावून त्यांना दाखवल्या.