थापटण्याचा नाद : कृष्णाकाठच्या कुंभारकामाचा मागोवा

सातारच्या गादीचा अंमल ज्या मुलखावर चालला, त्या मुलखातील गावगाड्याची हकीकत ज्यास जाणून घ्यावयाची असेल, त्यास कागदपत्रांची वाण पडत नाही. पाटील-कुलकर्ण्यांचे हक्क, बलुतेदारांच्या पेंढ्या, कारागिरांवर बसणारी मोहतर्फा पट्टी, मानपानाचे तंटे आणि त्यांवरील निवाडे या साऱ्यांची नोंद दप्तरांतून झालेली आहे. १८१८ नंतर काही वर्षे साताऱ्यास राहिलेल्या ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात बलुत्या-अलुत्यांची यादी दिली. १८८५ च्या सातारा गॅझेटियरने येथील जातींचे व धंद्यांचे वर्णन केले. आणि १९१५ साली त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गाव-गाडा' लिहून त्या व्यवस्थेची आतली वीण उलगडून दाखविली. परंतु या सर्व लेखनात कुंभाराला काय मिळत असे याचा जेवढा तपशील आहे, तेवढा त्याला काय येत असे याचा नाही. त्याचा हक्क दप्तरात राहिला. त्याची विद्या मात्र त्याच्या शब्दांत राहिली. चाक, थापटणे, गुंडा, आवा, परळ, केळी, सुगड हे शब्द म्हणजेच त्या विद्येचे दप्तर होय, आणि गेल्या शतकाचा मागोवा घेताना ते दप्तर पान पान करून कसे गळत गेले हे पाहणे मला अगत्याचे वाटते.

आरंभ मातीपासून करावा हे उचितच. आज सातारा आणि सांगली म्हणून ओळखले जाणारे दोन जिल्हे १९४९ पर्यंत बव्हंशी एकाच जिल्ह्यात मोडत असत; त्या वर्षी दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. कागदावरील ही वाटणी कुंभाराला कधी जाणवली नसावी, कारण त्याचा जिल्हा एकच, तो म्हणजे कृष्णेचा काठ. नदीने पुरात आणून टाकलेल्या गाळाच्या जमिनीला येथे मळी म्हणतात. देशावरची निव्वळ काळी माती चिकट खरी, परंतु ती पाणी पिऊन फुगते आणि सुकताना इतकी आक्रसते की तिचे भांडे वाळतानाच तडकते; उलट नुसत्या रेताड मातीला आकार धरवत नाही. म्हणून एकीची चिकटी आणि दुसरीचा निचरा यांचा मेळ घालावा लागतो, आणि तो मेळ कुंभार मापाने घालीत नाही. चिमूटभर ओली माती बोटांत चोळून, तिची वळी करून, ती वाकविताना भेगाळते की नाही हे पाहून घालतो. मग माती वाळवावयाची, कुटावयाची, चाळावयाची, भिजत घालावयाची, आणि तिच्यात राख व घोड्याची लीद मिसळून ती पायांनी तुडवावयाची. ही लीद भाजणीत जळून जाते आणि आपल्या जागी सूक्ष्म छिद्रे ठेवून जाते. त्या छिद्रांतून पाणी पाझरते, पाझरलेले पाणी वाऱ्याने उडते आणि उडता उडता आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. माठातील गारव्याचा उगम असा चिखल तुडविण्याच्या त्या कष्टात आहे. ज्या तुडवण्यात तल्लीन झाल्यामुळे गोरोबाकाकांना पायाखाली आलेल्या पोटच्या मुलाचेही भान राहिले नाही अशी कथा वारकरी परंपरेने जतन केली, ते तुडवणे किती एकाग्रतेचे काम होते, हेही त्या कथेतून कळून येते.

त्यानंतर चाक. जुने चाक लाकडी आरांचे असे, आणि त्याची धाव माती व तंतू यांच्या लेपाने मुद्दाम जड केलेली असे. जमिनीत पुरलेल्या खुंटीवर ते तोलले जाई आणि काठीने फिरविले जाई. कडेचा जडपणा हेच त्याचे बळ, कारण जड कडा एकदा वेग घेती झाली म्हणजे तो लवकर सोडत नाही, आणि त्या उसन्या वेगावर एकामागून एक भांडी उतरवून घेता येतात. परंतु मडके चाकावर घडते हा जो सर्वसाधारण समज आहे, तो अर्धाच खरा आहे. चाकावर घडतो तो मडक्याचा गळा, काठ आणि खांदा. खालचा भाग जाड व आखूड ठेवून भांडे दोऱ्याने कापून उतरवितात आणि सावलीत जरा आवळू देतात. खरे मडके होते ते यानंतर. आतून दगडाचा गोल गुंडा धरून आणि बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकीत ठोकीत, माती चिकटू नये म्हणून मधून मधून राख भुरभुरीत, कुंभार ती जाड भिंत पातळ करीत नेतो. पोट फुगते, बूड गोल होते, आणि लहानशा गोळ्यातून घागर प्रकट होते. आतला हात बाहेरच्या हाताला दिसत नाही, तरी दोघांची गाठ प्रत्येक ठोक्याला एकाच बिंदूवर पडली पाहिजे. ती चुकली की भिंतीला भोक पडते. कानाने आणि तळहाताने चालणारी ही क्रिया मला या धंद्यातील सर्वांत सूक्ष्म क्रिया वाटते.

शेवटी आवा. सुकलेली भांडी शेणी, लाकूडफाटा, पाचट यांच्या थरांत रचून, वर खापरे व राख घालून आवा लावला जातो. आच पाचशे-सहाशे अंशांपलीकडे गेली म्हणजे मातीच्या घटनेतच बांधलेले पाणी निघून जाते, आणि मग ती माती पुन्हा कधीही चिखल होऊ शकत नाही. गावठी आव्याची आच साधारणतः ७०० ते ९०० अंशांपर्यंत पोहोचते. आव्याला वारा मोकळा मिळाला तर मातीतील लोहाचा अंश तांबूस होतो, आणि धूर आत कोंडला तर तेच भांडे काळे निघते. कच्चे व पक्के या दोन शब्दांच्या मधली सीमारेषा ही अशी अग्नीने आखलेली आहे, आणि आपण माणसाला, मसुद्याला, रस्त्याला, कैदेला जे कच्चे-पक्के म्हणतो त्यांतही मडक्याची ती ओळख अंशतः वावरते आहे.

ही विद्या किती जुनी, याचा पुरावा दूर शोधावा लागत नाही. शेजारच्या पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केले, तेव्हा सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत काळ्या नक्षीची तांबडी जोर्वे भांडी मिळाली, कुंभाराची भट्टी मिळाली, आणि घरांच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन-दोन कुंभांत बालकांचे अस्थिशेषही मिळाले. जन्मलेल्याची तहान आणि मेलेल्याची विश्रांती अशी दोन्ही एकाच कारागिराच्या हाती सोपविलेली होती. पुढील काळातील बलुत्याच्या पद्धतीत हेच नाते वेगळ्या रूपाने टिकले. कुंभार बहुधा मधल्या ओळीचा बलुतेदार. त्याने वर्षभर घरोघर लागेल ते भांडे पुरवावे आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपल्या वाट्याचे धान्य आणावे. या व्यवस्थेतील उच्चनीचतेचे समर्थन कोणी करू नये, कारण जातीने धंदा बांधून टाकणारी आणि मोबदला दात्याच्या मर्जीवर सोडणारी ती व्यवस्था होती. तथापि तिच्यात एक गोष्ट होती : रांजण, डेरा, घागर, तवली, गाडगे, बोळके, वेळणी, झाकणी, पणती ही सारी नावे प्रत्येक घराला ठाऊक होती, कारण प्रत्येकाचे काम वेगळे होते.

घर आणि कुंभार यांच्यातील हा मेळ ज्या क्रमाने सुटला तो लक्षात घेण्याजोगा आहे. पहिला धक्का छपराला बसला. १८६५ मध्ये बाझेल मिशनने मंगळुरास कौलांचा कारखाना काढला, आणि यंत्रात दाबून काढलेली ती एकसारखी कौले कालांतराने घाटावरही पोहोचून चाकावरच्या नळीच्या कौलांची जागा घेऊ लागली. दुसरा धक्का दिव्याला. १९१६ साली ओगले बंधूंचा काच कारखाना कऱ्हाडजवळ उभा राहिला. स्वदेशीच्या निष्ठेतून निर्माण झालेल्या त्या कारखान्याचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रभर गेला, आणि रोजच्या उजेडातून मातीची दिवली सणाच्या उजेडात सरकली. वाळू वितळवून काच करणाऱ्या भट्टीने माती भाजणाऱ्या आव्याला मागे सारावे, आणि तेही त्याच कृष्णा-कोयनेच्या परिसरात, हा योग अभिमान आणि खंत दोन्ही एकदम जागविणारा आहे. तिसरा धक्का चुलीवर बसला. पितळ श्रीमंतांपुरते होते. पण जर्मनची म्हणून ओळखली जाणारी ॲल्युमिनियमची हलकी, न फुटणारी पातेली गरिबाच्या घरात आली तेव्हा तवली आणि गाडगे यांची नोकरी संपली.

बलुते कोणा एका हुकुमाने बंद झाले नाही. ते आटत गेले. स्वातंत्र्यानंतर या पट्ट्यात सहकारी साखर कारखाने उभे राहिले, उसाने ज्वारीची जागा घेतली, धान्याचे खळे लहान झाले आणि रोख पैसा मोठा झाला. पक्क्या घरांची मागणी वाढली, तशी कुंभारांची अनेक घराणी वीटभट्टीकडे वळली. मळीची तीच माती, तेच तुडवणे, तोच अग्नी. परंतु विटेला गळा नाही, पोट नाही, आणि म्हणून तिला गुंडाही लागत नाही, थापटणेही लागत नाही. धंदा राहिला, विद्या गेली, असे येथे घडले. त्यात नदीचाही स्वभाव आहेच : २००५ च्या आणि २०१९ च्या महापुरांनी सांगलीच्या परिसरात काठची वस्ती बुडविली, आणि दुसरा पूर तर ऑगस्टमध्ये, गणेशमूर्ती घडविण्याच्या ऐन दिवसांत आला. जी माती देते तीच घेऊन जाते, हे काठच्या कुंभाराला कोणी शिकवावे लागत नाही.

राहिले ते सण. बेंदराला या दोन जिल्ह्यांत अजून मातीचे बैल पुजले जातात. नागपंचमीला मातीचा नाग येतो. नवरात्रात घट बसतो आणि त्याच्याभोवतीच्या मातीत धान्य उगवते. संक्रांतीला ऊस, बोरे, हरभरा आणि गव्हाच्या ओंब्या यांनी सुगड भरते. अक्षय्यतृतीयेस पितरांच्या नावाने पाण्याची केळी दिली जाते. लग्नाच्या बहुल्यापाशी मडक्यांची उतरंड रचली जाते. आणि अखेरच्या प्रवासात पुढे अग्नीचे मडके चालते. भांडे म्हणून मातीची गरज संपली तरी प्रतीक म्हणून तिचा मान उरला, ही समाधानाची गोष्ट खरी. परंतु वर्षातून पाच-सात दिवसांच्या मानावर कोणाचे घर चालत नाही, आणि जे भांडे वापरात नाही त्याची पारखही हळूहळू मावळते. सुगड हा 'सुघट' होय, म्हणजे चांगला घडलेला घट. पण तो चांगला घडलेला आहे की नाही हे आता कोण तपासतो?

प्रयत्न झाले नाहीत असे नाही. तेव्हाच्या चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यातील भद्रावती येथे १९५५ मध्ये ग्रामोदय संघाची स्थापना झाली आणि गांधीविचाराच्या कार्यकर्त्यांनी कुंभारकामास शास्त्राची जोड देण्याचे काम तेथे चालविले. २०१८ पासून खादी व ग्रामोद्योग आयोगाने कुंभारांना विजेवर चालणारी चाके देण्याची योजना हाती घेतली, आणि २०२३ च्या विश्वकर्मा योजनेत कुंभाराचा समावेश झाला. विजेच्या चाकाने खांद्याचे आणि कंबरेचे श्रम वाचतात, आणि ते वाचलेच पाहिजेत. कारागिराच्या वेदनेत सौंदर्य शोधणे हे रसिकतेचे लक्षण नव्हे. मात्र चाक हे या विद्येचे अर्धेच अंग आहे, हे विसरून चालणार नाही. उरलेले अर्धे थापटण्यात आहे, आणि ते यंत्राबरोबर पेटीत घालून पाठविता येत नाही. ज्याच्या हाती ते आहे त्याच्यापाशी बसूनच घ्यावे लागते. म्हणून अनुदानाइतकीच निकड आहे ती नोंदीची : प्रत्येक गावच्या आव्याची रचना, मातीचे मिश्रण, भांड्यांची नावे आणि त्यांची मापे त्या त्या घराण्याच्या तोंडून, त्यांच्याच शब्दांत उतरवून घेण्याची. ज्या कऱ्हाडात गाडगे महाराजांच्या नावाचे महाविद्यालय आहे, म्हणजे एका गाडग्यावरून पडलेले नाव जेथे विद्येच्या दारावर कोरले गेले आहे, तेथून हे काम सुरू व्हावे यासारखे औचित्य दुसरे नाही.

आणि एक गोष्ट अजून सर्वांच्या हाती शिल्लक आहे. मुक्ताबाईने सांगितले आणि गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतमंडळींच्या मस्तकांवर ठोके दिले, त्यांत नामदेवांचे मडके कच्चे निघाले, ही कथा आपण भक्तीच्या अंगाने ऐकतो. पण तिचा पाया धंद्याच्या रोजच्या परीक्षेत आहे. पक्के भांडे खणखणते, कच्चे किंवा चिरलेले बद्द वाजते. चैत्र लागला की साताऱ्याच्या बाजारात माठ मांडले जातात, आणि चाक कधी न पाहिलेला, आवा हा शब्दही न ऐकलेला मनुष्य माठ उचलण्यापूर्वी बोटाच्या पेराने त्यावर टिचकी मारतो आणि क्षणभर कान देतो. त्या टिचकीत थापटण्याची सारी परंपरा आहे. माठ विकत घेऊन पाणी पिणारे घर त्या परंपरेचे बलुते आजही भरीत असते. आणि तो नाद ओळखणारा कान जोवर शाबूत आहे, तोवर या विद्येचे दप्तर बंद झाले असे मी मानणार नाही.