भिंग पुसण्याआधी

मुलांनो, मार्गशीर्षातल्या शुद्ध अष्टमीला आपण शाळेच्या अंगणात दुर्बीण लावली होती, आठवतं ना? गावाच्या वर्गणीतून आलेली आपली छोटी दुर्बीण. अर्धा चंद्र, त्यावरचे खड्डे, आणि तुमची ती रांगेतली ढकलाढकली!

दुसऱ्या दिवशी मी नेत्रिका, म्हणजे आपण डोळा लावतो तो भिंगाचा तुकडा, उजेडात तिरपा धरून पाहिला. काचेवर बारीक बारीक ओरखडे. मी वर्गात आवाज चढवून विचारलं. पाचवीतला एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, “गुरुजी, चंद्र धुरकट दिसायला लागला, म्हणून मी सदऱ्यानं पुसलं.” मी त्याला रागावलो. तेव्हापासून दोनदा दुर्बीण लावली, पण तो काही जवळ आला नाही.

त्या रात्री घरी गेलो, चष्मा काढला आणि दिव्यासमोर धरला. काय सांगू! माझ्याच काचांवर ओरखड्यांचं जाळं. वीस वर्षं मी धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसतोय. मग त्या पोरानं वेगळं काय केलं? आणि पुसायचं कसं, हे मी तरी कधी सांगितलं होतं? म्हणून आज हे लिहितो आहे.

मुळात कापडानं ओरखडा पडतोच कसा? कापड तर मऊ. खरं आहे, ओरखडा कापडाचा नसतो, धुळीचा असतो. धुळीत वाळूचे कण असतात आणि त्यात गारगोटीचेही कण असतात. गारगोटी काचेपेक्षा कठीण. खरं वाटत नसेल तर जुन्या बाटलीवर गारगोटीचं टोक ओढून बघा. असा कण कापडाखाली सापडला आणि वरून बोटाचा दाब पडला, की झाली पॉलिश पेपरसारखी गत. तुमचा सदरा दिवसभर मैदानात लोळलेला असतो हे विसरू नका.

दुसरी गोष्ट अजून नाजूक आहे. आपली नेत्रिका तिरपी धरली की जांभळट निळी झाक दिसते. तो काचेचा रंग नव्हे. काचेवर मॅग्नेशियम फ्लोराइड नावाच्या पदार्थाचा लेप दिलेला असतो. एका मिलीमीटरचे दहा हजार भाग केले तर त्यातल्या साधारण एका भागाएवढी त्याची जाडी. तुमच्या डोक्यावरचा केस त्यापुढे ओंडका! मग एवढा पातळ लेप लावायचा कशाला? साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर शंभरातला सुमारे ४ भाग उजेड मागे फिरतो. चार सुटी भिंगं म्हणजे आठ पृष्ठभाग; गणित करा, शंभरातले जेमतेम ७२ भाग पलीकडे पोचतात. लेप दिला की एका पृष्ठभागावरचा तोटा दीड भागाच्या आसपास येतो आणि ८८ भाग पोचतात. मधल्या हिरव्या-पिवळ्या उजेडाला तो सर्वांत चांगला अडवतो, थोडा तांबडा आणि निळा मात्र परततो, म्हणून ती जांभळी झाक. जर्मनीत झाइस कारखान्यात अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली असा लेप देण्याची रीत शोधली. आज चष्मा, कॅमेरा, सूक्ष्मदर्शक, सगळीकडे असे लेप असतात. एकदा खरवडला गेला की तो आपल्याला परत लावता येत नाही.

आता पुसायचं कसं? पहिलं उत्तर, शक्यतो पुसायचंच नाही. चार-दोन धुळीच्या कणांनी चंद्राचं काही बिघडत नाही. धुळीनं जेवढी भिंगं जातात त्यापेक्षा जास्त पुसण्यानं जातात, असं माझं मत झालंय.

खरंच धूळ बसली असेल तर नेत्रिका तोंड खाली करून धरा आणि रबरी फुग्याच्या पिचकारीनं हवा मारा. औषधाच्या दुकानात कानासाठी मिळते ती नवी कोरडी पिचकारी चालते. तोंडानं फुंकायचं नाही. फुंकरीबरोबर थुंकीचे तुषार जातात. मग उरलेली धूळ कॅमेऱ्यासाठी मिळणाऱ्या मऊ ब्रशानं नुसती झटकायची. त्या ब्रशाच्या केसांना बोट लावू नका, बोटाचं तेल भिंगावर जातं. रंगपेटीतला ब्रश तर मुळीच नको.

यावरही राहतो तो तेलकट डाग. पापण्यांचा, बोटाचा, आणि आपल्याकडे हमखास काजळाचा. हे काम माझ्यासमोरच करायचं, कारण त्याला लागणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल पेट घेतं. दिवा, काडेपेटी लांब ठेवायची. औषधाच्या दुकानातला स्वच्छ कापूस (गादीतला नव्हे!) काडीच्या टोकापुढे येईल असा सैल गुंडाळायचा, त्यावर दोन थेंब टाकायचे. थेंब कापसावर, भिंगावर कधीच नाही. कडेनं आत शिरलं तर आतल्या भिंगांवर डाग धरतो. मग मधून कडेकडे, जराही दाब न देता, कापूस गोल फिरवत न्यायचा. एकदा फिरवला की तो कापूस टाकायचा, नवा घ्यायचा. कंटाळा येतो खरा. विहिरीचं पाणी वापरू नका, ते वाळलं की क्षारांचा पांढरा डाग राहतो. आणि स्वच्छ करायला म्हणून नेत्रिका उघडू नका, आतली भिंगं परत तशीच बसवणं आपलं काम नाही.

आरशाची दुर्बीण कुणाकडे पाहिलीत तर तिच्या आरशाला हातच लावू नका. त्याचा अॅल्युमिनियमचा थर पुढच्या बाजूलाच उघडा असतो.

पावसाळ्याचं वेगळं. दमट पेटीत भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते आणि ती लेप खाते. म्हणून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या आहेत. त्या तोंडात घालायच्या नाहीत, पहिलीच्या मुलांनाही हे सांगा.

राहता राहिला त्या रात्रीचा धुरकटपणा. तो धूळ नव्हतीच. थंडीत काच गार पडलेली. आपल्या डोळ्याची आणि श्वासाची ऊब लागली की तिच्यावर वाफ धरते. दोन मिनिटं डोळा बाजूला घेतला असता तर चंद्र आपोआप लख्ख झाला असता. हे त्या मुलाला मीच आधी सांगायला हवं होतं.

पौषातल्या अष्टमीला आपण पुन्हा दुर्बीण लावणार आहोत. रबरी पिचकारी आणली आहे, माझ्या टेबलाच्या खणात आहे. ती सांभाळण्याचं काम पाचवीतल्या त्याच मुलाकडे दिलं आहे. रांगेत उभं राहताना काजळ पुसून या.