हात लावण्याआधी

मैत्रिणींनो, बचतगटाची बैठक आटोपली की आम्ही बुद्धिबळाचा पट मांडतो. नवशिकीचा डाव बहुधा फुकट गेलेल्या सोंगटीनेच हातचा जातो. म्हणून आधी किंमत पाठ करा: प्यादे 1, घोडा आणि उंट 3-3, हत्ती 5, वजीर 9. समोरचीची चाल झाली की दोन प्रश्न विचारा. तिचा डोळा कशावर आहे? माझी कोणती सोंगटी राखणीवाचून उभी आहे? मगच हात लावा. स्पर्धेत हात लावलेली सोंगटी चालवावीच लागते. हरलात तर लगेच पट आवरू नका, पहिली सोंगटी कुठे गेली ते मागे जाऊन बघा. नागपूरच्या दिव्या देशमुखने 2025मध्ये महिला विश्वचषक जिंकला. आपल्याला स्पर्धा नको असेल, पण घरच्या घाईत न मिळणारा विचाराचा वेळ पटावर हक्काचा असतो. तो घ्या.